चित्रपुस्तकांतील समलिंगी पिता व पुरुषत्व

लहान मुलांसाठी प्रामुख्याने चित्रांच्या आधारे कथा सांगणाऱ्या पुस्तकांत समलिंगी पित्याचे, विशेषतः एकत्र संसार करून मूल वाढविणाऱ्या दोन पुरुषांचे, जे चित्रण १९८० नंतर होऊ लागले, त्याचा आणि त्यातून व्यक्त होणाऱ्या पुरुषत्वाच्या कल्पनेचा विचार. ही पुस्तके मुख्यत्वे डेन्मार्क, नेदर्लंड्स, ब्रिटन, अमेरिका व कॅनडा ह्या देशांत निर्माण झाली. एकूण बालसाहित्याच्या मानाने त्यांची संख्या अल्प असली, तरी त्यांच्यावरून शाळा, ग्रंथालये, विधिमंडळे व न्यायालये ह्यांतून जे वाद झाले, ते बालसाहित्याच्या इतिहासात लक्षणीय ठरले आहेत. बहुतेक वाद ही पुस्तके मुलांना दाखवावीत की नाही, एवढ्यापुरते राहिले. त्यांत पुरुषाचे आणि पित्याचे कोणते चित्र रेखाटले आहे, हा वाङ्मयीन प्रश्न त्यामुळे मागे पडला. वस्तुतः हे दोन्ही प्रश्न परस्परांशी निगडित आहेत. कारण ह्या पुस्तकांतील पिता बहुधा बालकाशी बोलत असतानाच त्याच्यावर आक्षेप घेणाऱ्या प्रौढालाही उत्तर देत असतो आणि त्या दुहेरी संवादाचा ठसा चित्रांवर उमटलेला दिसतो.

चित्रपुस्तक हा प्रकार ह्या दृष्टीने विशेष बोलका आहे. कादंबरीकाराला ‘ते दोघे एकत्र राहत’ एवढे म्हणून पुढे जाता येते. चित्रकाराला मात्र खोलीत एक पलंग आहे की दोन, चुलीपाशी कोण उभा आहे, मूल कोणाच्या मांडीवर आहे आणि दोघांमध्ये अंतर किती आहे, हे ठरवूनच रेषा ओढावी लागते. शब्दांनी जे मोघम ठेवले, ते चित्राला स्पष्ट करावे लागते किंवा मुद्दाम झाकावे लागते. म्हणून ह्या पुस्तकांची चिकित्सा करताना मजकुराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, चित्रांकडे लक्ष द्यावे लागते.

पार्श्वभूमी : पुरुषत्व हे एकजिनसी व निसर्गदत्त नसून समाजात पुरुषत्वाचे अनेक प्रकार नांदतात आणि त्यांपैकी एक प्रकार इतरांवर वर्चस्व गाजवितो, असे विवेचन ऑस्ट्रेलियन समाजशास्त्रज्ञ रेविन कॉनेल ह्यांनी मॅस्क्युलिनिटीज (१९९५, म. शी. ‘पुरुषत्वे’) ह्या ग्रंथात केले आहे. समलिंगी पुरुषाला ह्या उतरंडीत खालचे स्थान मिळते, कारण त्याला स्त्रीत्वाच्या जवळ मानले जाते. पाश्चात्त्य चित्रपुस्तकांत पूर्वापार वावरणारा पिता हा वर्चस्ववादी प्रकाराचा सौम्य प्रतिनिधी होता : सकाळी कामाला जाणारा, संध्याकाळी वृत्तपत्र वाचणारा, प्रसंगी शिस्त लावणारा. मुलाला न्हाऊ घालणे, भरविणे, निजविणे ही कामे आईची असत.

ह्या चौकटीला पहिले तडे समलिंगी विषयाच्या पुस्तकांनी दिले नाहीत. मन्रो लीफ व चित्रकार रॉबर्ट लॉसन ह्यांच्या द स्टोरी ऑफ फर्डिनंड (१९३६) ह्या पुस्तकातील बैल झुंजीऐवजी फुलांचा वास घेत बसणे पसंत करतो. शार्लट झोलोटॉव्ह ह्यांच्या विल्यम्स डॉल (१९७२, म. शी. ‘विल्यमची बाहुली’) ह्या पुस्तकातील मुलाला बाहुली हवी असते, वडील त्याला चेंडू व आगगाडी आणून देतात. शेवटी आजी बाहुली आणते व विल्यमला पुढे बाप व्हावयाचे आहे, त्याचा हा सराव आहे, असे वडिलांना समजावते. टोमी डी पाओला ह्यांच्या ऑलिव्हर बटन इज ए सिसी (१९७९) ह्या पुस्तकातील मुलगा नृत्य शिकतो म्हणून शाळेत चिडविला जातो. ह्या पुस्तकांनी मुलग्याच्या हळुवारपणाला जागा करून दिली. मात्र झोलोटॉव्ह ह्यांच्या पुस्तकातील आजीचे समर्थनही पित्याची भीती गृहीत धरते : बाहुलीशी खेळणारा मुलगा पुढे रीतसर बाप होणार आहे, तेव्हा काळजीचे कारण नाही. बाहुलीशी खेळलेला मुलगा मोठेपणी दुसऱ्या पुरुषासह बाप झाला तर काय, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. पुढील दशकातील पुस्तकांनी तोच हाती घेतला.

प्रारंभीची पुस्तके : डॅनिश लेखिका सुसान ब्यॉश ह्यांचे मेटे बोर होस मॉर्टन ऑ एरिक (१९८१) हे ह्या प्रकारातील आद्य पुस्तकांपैकी होय. १९८३ मध्ये लंडनच्या गे मेन्स प्रेस ह्या संस्थेने त्याचा इंग्रजी अनुवाद जेनी लिव्ह्‌ज विथ एरिक अँड मार्टिन (म. शी. ‘जेनी एरिक व मार्टिनसह राहते’) ह्या नावाने प्रसिद्ध केला. पाच वर्षांची जेनी आपले वडील व त्यांचा साथीदार ह्यांच्याबरोबर राहते. तिची आई जवळच राहते व भेटावयास येते. कपडे धुणे, वाढदिवसाची गुपचूप तयारी, किरकोळ कुरबुर असा एका साध्या घराचा दिनक्रम पुस्तकात आहे. रस्त्यात एक बाई दोघा पुरुषांना टाकून बोलते, तेव्हा जेनी गोंधळते. तो प्रसंग तिला नंतर खडूच्या चित्रांतून समजावून सांगण्यात येतो. पुस्तकात रेखाटने नसून आंद्रेअस हॅन्सन ह्यांनी घेतलेली कृष्णधवल छायाचित्रे आहेत. त्यामुळे त्याला माहितीपटाचे रूप आले. घरकाम करणारा पुरुष येथे विनोदाचा किंवा कौतुकाचा विषय होत नाही. तो धुणे धुतो, कारण धुणे साठलेले असते. पुरुषत्वाच्या प्रश्नावर ह्या पुस्तकाने दिलेले हे सर्वांत साधे, पण सर्वांत ठाम उत्तर आहे.

१९८६ मध्ये ह्या पुस्तकाची प्रत लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाच्या शिक्षकांसाठी असलेल्या संग्रहात असल्याचे वृत्तपत्रांनी गाजविले. अंथरुणात न्याहारी करणारे दोन उघडे पुरुष व त्यांच्यासोबत मुलगी, हे छायाचित्र टीकेचे मुख्य लक्ष्य ठरले. आईवडिलांच्या अंथरुणात शिरलेले मूल हा घरोघरचा प्रसंग आहे; त्यातील दोघेही पुरुष असताच त्याचा अर्थ बदलला. पुरुषाचा देह मुलाच्या निकट असणे हे संशयास्पद मानणारी दृष्टी ह्या वादात उघडी पडली. ही दृष्टी समलिंगी पुरुषापुरती मर्यादित नाही. मुलाला कुशीत घेणाऱ्या कोणत्याही पुरुषाकडे ती पाहत असते. ह्या व तत्सम वादांची परिणती १९८८ च्या स्थानिक शासन अधिनियमातील कलम २८ मध्ये झाली. स्थानिक संस्थांनी समलिंगी संबंधांचा पुरस्कार करू नये आणि असे संबंध हे एक ‘दिखाऊ’ कुटुंब म्हणून स्वीकारार्ह असल्याचे शाळांतून शिकवू नये, असे त्याचे स्वरूप होते. हे कलम स्कॉटलंडमध्ये २००० मध्ये आणि इंग्लंड व वेल्समध्ये २००३ मध्ये रद्द झाले. दरम्यान पुस्तकाच्या मायदेशी, डेन्मार्कमध्ये, १९८९ मध्ये समलिंगी जोडप्यांच्या नोंदणीकृत सहजीवनास कायद्याने मान्यता मिळाली होती.

अमेरिकेतील पुस्तके : अमेरिकेत लेस्लिया न्यूमन ह्यांच्या हेदर हॅज टू मॉमीज (१९८९, म. शी. ‘हेदरला दोन आया’) ह्या पुस्तकापाठोपाठ मायकेल विलहॉइट ह्यांचे डॅडीज रूममेट (१९९०, म. शी. ‘बाबांचा खोलीसोबती’) प्रसिद्ध झाले. मजकूर व चित्रे दोन्ही विलहॉइट ह्यांचीच आहेत. घटस्फोटित पित्याकडे येणारा मुलगा पित्याच्या फ्रँक नामक सोबत्याची ओळख करून देतो. दोघे एकत्र राहतात, जेवतात, झोपतात, दाढी करतात, क्वचित भांडतात व पुन्हा समेट करतात. फ्रँक मुलासाठी शेंगदाण्याच्या लोण्याचे सँडविच करतो, शाळेत दाखविण्यासाठी किडे पकडून देतो, गोष्टी वाचतो व वाईट स्वप्ने पळवून लावतो. तिघे मिळून चेंडूचे सामने पाहतात, प्राणिसंग्रहालयात व समुद्रकिनारी जातात. ‘समलिंगी’ ह्या शब्दाचा अर्थ मुलाला त्याची आईच समजावून देते.

ह्या पुस्तकाचे बळ त्याच्या संक्षिप्ततेत आहे. एका पानावर एक छोटे वाक्य आणि त्याला जोडून नित्य व्यवहाराचे एक चित्र, अशी त्याची रचना आहे. दाढीचे चित्र ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे : दाढी करणे ही मुलग्याच्या नजरेला पुरुषपणाची ठळक खूण असते आणि येथे तीच दोन पुरुषांच्या सहजीवनाचीही खूण होते. परंतु पुस्तकाची मर्यादाही त्याच्या यादीवजा मांडणीत आहे. चेंडूचे सामने आणि किडे पकडणे ही रूढ मर्दानी कामे, सँडविच व निजतानाची गोष्ट ही रूढ मातृसुलभ कामे; ह्या दोहोंची बेरीज करून पिता निर्दोष ठरविला जातो. तो अमुक एका स्वभावाचा माणूस न होता सिद्धांताच्या पुराव्यासाठी उभा केलेला साक्षीदार होतो.

विलहॉइट ह्यांनी ही अडचण ओळखली असावी, असे त्यांच्या अंकल व्हॉट-इज-इट इज कमिंग टू व्हिजिट (१९९३) ह्या पुस्तकावरून वाटते. समलिंगी मामा येणार म्हणून कुतूहल वाटणाऱ्या दोन भावंडांना गावातील टवाळ मुले त्याचे भयंकर वर्णन ऐकवितात. त्यांच्या डोळ्यांपुढे कधी स्त्रीवेशातील, तर कधी कातडी पोशाखातील पुरुष उभा राहतो. प्रत्यक्षात येतो तो चारचौघांसारखा मनुष्य. रूढ कल्पनांचा फुगा फोडणे हा हेतू उघड आहे. तथापि त्यासाठी मोजलेली किंमतही दुर्लक्षिण्यासारखी नाही. मामा स्वीकारार्ह ठरतो तो चारचौघांसारखा असल्यामुळे. तो खरोखरच स्त्रीवेशात आला असता, तर मुलांनी त्याच्यावर प्रेम करावे की नाही, ह्याचे उत्तर पुस्तक टाळते. ‘आम्हीही इतर पुरुषांसारखेच आहोत’ हा युक्तिवाद ‘इतर पुरुष’ ह्या मापदंडाला धक्का लावत नाही.

ह्याच्या उलट मार्ग जॉनी व्हॅलेंटाइन ह्यांच्या वन डॅड, टू डॅड्‌स, ब्राउन डॅड, ब्लू डॅड्‌स (१९९४) ह्या पद्यमय पुस्तकाने घेतला. त्यातील मुलाचे दोन्ही बाप निळ्या रंगाचे आहेत. मित्रांचे सारे प्रश्न ह्या निळेपणाविषयी असतात : ते काम करतात का, खेळतात का, निळे झाले कसे? बाप दोन आहेत, ह्या गोष्टीचे कोणाला काहीच वाटत नाही. आक्षेप वेगळ्या दिशेला वळवून त्यातील विसंगती दाखविण्याची ही युक्ती बालकाच्या तर्काला धरून आहे. पुरुषत्व सिद्ध करण्याची जबाबदारीच हे पुस्तक नाकारते, म्हणून त्यातील पिते अधिक मोकळे वाटतात.

विरोध व त्याचे परिणाम : १९९२ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या शाळांसाठी तयार केलेल्या ‘चिल्ड्रन ऑफ द रेनबो’ ह्या बहुसांस्कृतिक अभ्यासक्रमात अशा पुस्तकांची शिफारस होती, क्वीन्स भागातील एका शाळा मंडळाने तो स्वीकारण्यास नकार दिल्याने मोठा संघर्ष झाला. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या १९९०–९९ ह्या दशकातील सर्वाधिक आक्षेपित पुस्तकांच्या यादीत डॅडीज रूममेटचा क्रमांक दुसरा होता. टेक्सस राज्यातील विचिटा फॉल्स येथे ३०० ग्रंथालय-सभासदांच्या सह्यांनी एखादे बालपुस्तक प्रौढ विभागात हलविता येईल, असा ठराव झाला. संघीय न्यायालयाने २००० मध्ये तो घटनाबाह्य ठरविला. कॅनडातील सरे येथील शाळा मंडळाने १९९७ मध्ये समलिंगी पालकांविषयीची तीन पुस्तके बालवाडी व पहिलीसाठी नाकारली. त्यांत व्हॅलेंटाइन ह्यांचे निळ्या बापांचे पुस्तक होते. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये तो निर्णय अवाजवी ठरविला.

ह्या वादांचा ह्या प्रकारातील लेखनावर खोल परिणाम झाला. आपले पुस्तक पालकसभेत वा न्यायालयात पुरावा म्हणून मांडले जाईल, ही जाणीव ठेवून लिहिणारा लेखक पित्याच्या अंगी दोष ठेवावयास कचरतो. अशा पुस्तकांतील समलिंगी पिता सहसा थकत नाही, चिडत नाही, पोळी करपवीत नाही. वस्तुतः चुकणारा, मुलावर रागावून मग पस्तावणारा बाप हा बालवाचकाच्या खऱ्या अनुभवाचा भाग असतो. दोषाची मुभा नसलेल्या पात्राला व्यक्तिमत्त्वाचीही मुभा राहत नाही.

परीकथा व प्राणिकथा : वास्तवचित्रणाच्या ह्या कोंडीतून सुटण्याचे दोन मार्ग पुढे निघाले. पहिला परीकथेचा. लिंडा डी हान व स्टर्न नेलँड ह्यांच्या कोनिंग अँड कोनिंग (२०००, म. शी. ‘राजा आणि राजा’) ह्या डच पुस्तकातील राजपुत्र एकामागून एक आलेल्या राजकन्या नाकारतो व एका राजकन्येच्या भावाच्या प्रेमात पडतो. चिकटचित्रांच्या भडक, खेळकर शैलीमुळे त्यात उपदेशाचा सूर नाही. शेवटच्या चुंबनाच्या चित्रात मात्र दोघांचे ओठ लाल बदामाने झाकलेले आहेत. किंग अँड किंग अँड फॅमिली (२००४) ह्या उत्तरभागात मधुचंद्रासाठी जंगलात गेलेले दोन राजे पिलांसह हिंडणारे प्राणी पाहतात आणि घरी परतल्यावर त्यांच्या पेटीतून एक मुलगी बाहेर येते. ते तिला दत्तक घेतात. पितृत्वाची इच्छा पुरुषाला सहज होऊ शकते, हे येथे आनंदाने मांडले आहे. परंतु दूरच्या अरण्यातून पेटीत आलेल्या ह्या मुलीला पूर्वेतिहास नाही, आईबाप नाहीत. राजांच्या सुखासाठी ती आयती सापडते. दत्तकविधानातील दुःखाची बाजू पुसली गेल्याने पिते उदार दिसतात, पण मूल अपुरे राहते. डॅनिएल हॅक ह्यांच्या प्रिन्स अँड नाइट (२०१८) ह्या पुस्तकात राजपुत्र व सरदार मिळून अजगरसदृश राक्षसाशी लढतात आणि उंचावरून पडणाऱ्या राजपुत्राला सरदार झेलतो. शौर्य हे मर्दानीपणाचे जुने लक्षण येथे तसेच राहते. फक्त झेलल्या जाणाऱ्या राजकन्येच्या जागी पुरुष येतो. पुरुषालाही सावरले जाण्याची गरज असते, हे एका चित्रातून सांगणारे ते पान पुस्तकातील सर्वांत मोलाचे होय.

दुसरा मार्ग प्राणिकथेचा. जस्टिन रिचर्डसन व पीटर पार्नेल ह्यांनी लिहिलेले व हेन्री कोल ह्यांनी चित्रित केलेले अँड टँगो मेक्स थ्री (२००५, म. शी. ‘आणि टँगोमुळे तिघे’) हे ह्या प्रकारातील सर्वाधिक प्रसिद्ध पुस्तक होय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील रॉय व सिलो ह्या दोन नर पेंग्विनांची ही सत्यकथा आहे. दोघे घरटे बांधतात, अंड्यासारखा दगड उबवितात. रक्षक त्यांना दुसऱ्या जोडीचे एक अंडे देतो व त्यातून टँगो नावाची मादी जन्मते. चिनस्ट्रॅप जातीच्या पेंग्विनांत नर व मादी दोघेही पाळीपाळीने अंडी उबवितात. त्यामुळे पिलाची काळजी घेणारा नर येथे अपवाद ठरत नाही. वात्सल्य ही मादीची मिरासदारी नाही, हे तथ्यच कथेला आधार देते. ‘नर’ ह्या शब्दाला चिकटलेले सारे मानवी संकेत पेंग्विनाच्या देहावरून गळून पडतात आणि मुलाला दिसते ती केवळ ऊब. अमेरिकन ग्रंथालय संघाच्या आक्षेपित पुस्तकांच्या वार्षिक यादीत हे पुस्तक २००६, २००७, २००८ व २०१० मध्ये अग्रस्थानी होते. सिंगापूरच्या राष्ट्रीय ग्रंथालय मंडळाने २०१४ मध्ये ते बालविभागातून काढून नष्ट करण्याचे ठरविले होते. लोकांच्या निषेधानंतर ते प्रौढ विभागात ठेवण्यात आले.

तरीही प्राणिकथेच्या ह्या यशात एक त्रुटी आहे. दोन पेंग्विन परस्परांना बिलगलेले दाखविता येतात, कारण ते पुरुष नाहीत. १९८६ च्या छायाचित्राने जो संशय जागविला, त्याला सामोरे जाण्याऐवजी येथे वळसा घातला आहे. शिवाय निसर्गाचा दाखला दुधारी असतो. सिलोने रॉयला सोडून एका मादीशी जोडी केल्याचे वृत्त पुस्तक निघाले त्याच वर्षी आले आणि विरोधकांनी त्याचाही दाखला दिला. पित्याच्या प्रेमाचे मोल पक्ष्यांच्या वर्तनावर अवलंबून ठेवता येत नाही.

अलीकडील पुस्तके : २००९ नंतरच्या काही पुस्तकांत स्पष्टीकरणाची गरज ओसरलेली दिसते. लेस्लिया न्यूमन ह्यांचे डॅडी, पापा अँड मी (२००९) हे जाड पुठ्ठ्याच्या पानांचे, तान्ह्या मुलांसाठी केलेले पुस्तक दिवसभराच्या खेळाचे सयमक वर्णन करते. ‘समलिंगी’ हा शब्द त्यात येत नाही. मिरियम शिफर ह्यांच्या स्टेला ब्रिंग्ज द फॅमिली (२०१५) ह्या पुस्तकात शाळेतील मातृदिनाला कोणाला न्यावे, हा दोन बाप असलेल्या मुलीला पडलेला पेच आहे. डबा कोण भरते, रात्री गोष्ट कोण वाचते, लागले तर पापा कोण घेते, असे मित्र विचारतात आणि ह्या सर्वांची उत्तरे तिच्यापाशी असतात. शेवटी ती साऱ्या घराला घेऊन जाते. आईच्या अनुपस्थितीचा प्रश्न येथे प्रथमच मुलीच्या बाजूने व तिच्या भाषेत मांडला गेला आहे. आईपण म्हणजे काही कामांचा समुच्चय असून ती कामे पुरुषही करतात, हे ती स्वतः शोधून काढते. लॉरेन्स शिमेल ह्यांनी लिहिलेल्या व एलीना ब्रास्लिन्या ह्या लॅटव्हियन चित्रकर्तीने सजविलेल्या एका पद्यमय पुस्तकात दोन बाप असलेली मुलगी झोपण्याच्या वेळी खेळणे पळविणाऱ्या कुत्र्यामागे धावते. बाप दोन असणे हा कथेचा विषयच नाही. हंगेरीमध्ये मात्र ह्याच पुस्तकाच्या अनुवादाच्या विक्रीबद्दल २०२१ मध्ये एका ग्रंथविक्रेत्या संस्थेस अडीच लाख फोरिंट दंड झाला. पुस्तकात रूढ लिंगभूमिकांहून निराळे वर्तन आहे, अशी सूचना ग्राहकास दिली नव्हती, हे त्याचे कारण. मुलीला निजविणारा बाप हे सूचना देण्याजोगे वर्तन ठरले, ह्यात ह्या सर्व वादाचे मर्म आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जून २०२५ रोजी मेरिलंड राज्यातील माँटगोमेरी परगण्याच्या शाळांसंबंधी सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला. अशी पुस्तके वर्गात वापरताना पालकांना पूर्वसूचना द्यावी व धार्मिक कारणास्तव मुलांना वगळण्याची मुभा ठेवावी, असे आदेश अंतिम निकालापर्यंत मिळण्यास पालक पात्र आहेत, असे बहुमताने ठरविले. ह्या पुस्तकांत प्रिन्स अँड नाइट आणि सारा ब्रॅनेन ह्यांचे अंकल बॉबीज वेडिंग ही होती. काकाच्या लग्नाने आपण त्याला दुरावू, अशी धास्ती घेतलेल्या मुलीची दुसऱ्या पुस्तकातील कथा अल्पमताच्या निकालपत्रास संपूर्ण जोडण्यात आली. सर्वजण आनंदी असल्याचे चित्र हे केवळ चित्र आहे की त्यातून मूल्याचा आग्रह होतो, हा तेथील वादाचा एक मुद्दा होता. बालसाहित्याच्या दृष्टीने पाहता बहुमताचे निरीक्षण सर्वस्वी चुकीचे म्हणता येणार नाही : चित्रपुस्तक मूल्यनिरपेक्ष नसते. परंतु हेच आई स्वयंपाकघरात व बाप कचेरीत दाखविणाऱ्या प्रत्येक पुस्तकालाही लागू पडते. रूढ मूल्य दृष्टीस पडत नाही, निराळे मूल्य तेवढे आग्रहासारखे भासते, हा फरक वाचकाच्या सवयीचा आहे. आपल्या श्रद्धेनुसार मूल वाढविण्याची पालकांची इच्छा आदरणीय आहे; त्याचबरोबर ज्या मुलाच्या घरी दोन बाप आहेत, ते मूलही त्याच वर्गात बसलेले असते.

भारतातील संदर्भ : भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांतील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निर्णयाने मात्र समलिंगी विवाहास मान्यता नाकारली व दत्तकविषयक नियमांतील वैवाहिक अटही तीन विरुद्ध दोन मतांनी कायम राहिली. २०२२ च्या दत्तक नियमावलीनुसार जोडप्याला दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाची अट आहे आणि एकट्या पुरुषास मुलगी दत्तक घेता येत नाही. एकट्या स्त्रीस मुलगा वा मुलगी कोणीही चालते. ह्या शेवटच्या तरतुदीमागे मुलीच्या सुरक्षिततेची काळजी आहे. तथापि पुरुषाचे संगोपन संशयास्पद मानणारी जी दृष्टी ब्रिटनमधील वादात दिसली, तिच्याशी तिचे नाते उघड आहे. अमेया नार्वणकर ह्यांचे ऋतु वेड्‌स चांदनी (२०२०) हे भारतीय पार्श्वभूमीवरील इंग्रजी चित्रपुस्तक दोन स्त्रियांच्या विवाहाचे आहे. वरातीतील नृत्याच्या निमित्ताने एक लहान मुलगी रूढ संकेताला आव्हान देते.

मूल्यमापन : अमेरिकन अभ्यासक रूडीन सिम्स बिशप ह्यांनी १९९० मध्ये बालपुस्तकांना आरसा, खिडकी व सरकते काचेचे दार ह्या उपमा दिल्या. समलिंगी पित्याच्या मुलासाठी ही पुस्तके आरसा आहेत आणि शाळेत आपले घर लपवावे लागणाऱ्या मुलाला त्याची किती गरज असते, हे वेगळे सांगावयास नको. परंतु आरसा खरा हवा. चर्चिलेल्या वास्तववादी पुस्तकांतील घरे बहुतांशी सुस्थितीतील मध्यमवर्गाची आहेत; गरीब वा कष्टकरी पिता त्यांत क्वचित भेटतो. दोन पुरुषांमधील स्पर्श संकोचाने रेखाटला जातो किंवा झाकला जातो. बायकी म्हणून हिणविला जाणारा पुरुष पिता म्हणून क्वचितच दिसतो. जणू पितृत्वाचा अधिकार मर्दानीपणाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्यावरच मिळावयाचा असतो. ज्या रूढ पुरुषत्वाने समलिंगी पुरुषाला हीन लेखले, त्याचेच प्रमाणपत्र त्याच्यासाठी मिळविण्याची ही धडपड त्या पुरुषत्वाचे वजन वाढविते.

दुसरीकडे, ह्या पुस्तकांचे श्रेय समलिंगी कुटुंबांपुरते मर्यादित नाही. आई घरात नसल्यामुळे चित्रकाराला न्हाऊ घालणारे, केस विंचरणारे, रडे थांबविणारे हात पुरुषाचेच काढावे लागले. अशा घराच्या चित्रात संगोपन हे सहाय्य किंवा हौस न राहता बापाचे नित्यकर्म होते. त्यामुळे कोणत्याही घरातील मुलग्याला आपणही असे हात होऊ शकतो, हे पाहावयास मिळते. ह्या दृष्टीने जेनीच्या घरातील साठलेले धुणे, निळ्या बापांचा बेफिकीरपणा आणि स्टेलाने दिलेली उत्तरे ही ह्या प्रकाराची खरी कमाई होय. आक्षेपकाला उत्तर देण्यासाठी लिहिलेली पाने वाद शमला की जुनी होतात. मुलाच्या प्रश्नाला उत्तर देणारी पाने टिकतात.